पंचेचाळीस-सत्तर आणि डेकरांचा फ्रीझर

हार्लन डेकर कोठाराच्या छपरावरून पडला त्यात माझा काहीही हात नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं ऐकल्यावर लोकांना तसा संशय येतो. तो ऑगस्टमध्ये पडला, स्वतःच्या छपरावरून, स्वतःच्या पायानं. डॉक्टरांनी त्याच्या कमरेत दोन पट्ट्या आणि नऊ स्क्रू बसवले, त्याला दिवाणखान्यात खिडकीशी खाटेवर टाकलं आणि वसंतापर्यंत कुठलंही काम करायचं नाही अशी ताकीद दिली.

त्यानंतर जे जे झालं ते मात्र मी केलं.

सप्टेंबरातला शेवटचा रविवार होता. प्रार्थना आटोपून आम्ही सगळे चर्चच्या तळघरात कॉफीला उतरलो होतो. हार्लनची बायको मार्लिस कुणाला तरी सांगत होती, "बाकी सगळं निभतंय गं. फक्त हरणाचं काय करायचं ते कळत नाही. दरवर्षी हार्लन दोन आणतो. तीन पोरं आणि आम्ही दोघं, वसंतापर्यंत बघावं लागत नाही. या वर्षी फ्रीझर उघडला की नुसती गार हवा." ती रडगाणं गात नव्हती. उद्या पाऊस आहे म्हणावं तशा आवाजात बोलत होती, आणि तेच वाईट झालं. रडली असती तर मी गप्प बसलो असतो. रडणाऱ्या बाईसमोर मला शब्द सुचत नाहीत.

"मी आणून देतो हरीण," मी म्हणालो. तोंडात पवनचक्कीच्या आकाराचं बिस्किट होतं, तरी सगळ्यांना स्पष्ट ऐकू गेलं.

तळघरात तीस-पस्तीस माणसं होती. सगळी गप्प झाली. मार्लिस तेवढी म्हणाली, "अरे वा, वेंडेल. बरं होईल," आणि तिनं घाईघाईनं कपात साखर घातली. ती साखर घेत नाही.

ही शांतता का पसरली ते सांगायला हवं. आमच्याकडे हरणावरचा नेम चुकला की त्या माणसाच्या सदऱ्याचं मागचं शेपूट कात्रीनं कापतात, त्यावर नाव आणि साल लिहितात आणि शिकारीच्या खोलीच्या भिंतीला खिळ्यानं ठोकतात. आमची खोली म्हणजे शेजारच्या फ्लॉइडच्या गोठ्यामागची लाकडी शेड. त्या भिंतीवर माझी चार शेपटं आहेत. अकरा वर्षांत चारदा नेम चुकला, आणि उरलेली सात वर्षं नेम चुकवण्यापुरतंसुद्धा हरीण माझ्यासमोर आलं नाही.

गाडीत बसल्यावर माझी बायको लव्हॉन म्हणाली, "त्यांच्या अंगणातलं गवत कापून देतो म्हणाला असतास तर?"

"ते सगळेच कापतात."

"हो. कारण ते सगळ्यांना जमतं."

घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की दोष माझा नाही, बंदुकीचा आहे. माझी बारा बोअर वडिलांच्या काळची. तिच्यातून निघालेली जाड गोळी साठ पावलांपलीकडे कुठे जाईल हे ती स्वतःसुद्धा सांगू शकली नसती. तेव्हा रायफल घ्यायची. आणि रायफल घ्यायची म्हणजे आधी काडतूस ठरवायचं, कारण आमच्याकडे काडतुसाला रायफल मिळते, रायफलीला काडतूस मिळत नाही.

मिशिगनमध्ये एक रेघ आहे. कागदावरच आहे, पण आहे. रेघेच्या वर जंगल, तिथे कुठलीही रायफल चालते. रेघेच्या खाली आम्ही: मक्याची शेतं, घरं, शाळेच्या बसगाड्या. इथे लांब जाणारी गोळी नको म्हणून पिढ्यान्‌पिढ्या फक्त बारा बोअर. मग सरकारला पाझर फुटला. रायफल वापरा म्हणाले, पण काडतूस जाड हवं आणि त्याची पुंगळी, म्हणजे दारू भरायचा पितळी डबा, सरळ हवी. बाटलीसारखी मान आवळलेली नको. अशी जाडजूड गोळी जवळ जोरात लागते आणि लांब जायच्या आत दमते. माझ्यासारखीच. एवढं मला ठाऊक होतं, आणि एवढंच ठाऊक होतं, हा या कथेतला खरा अपघात.

सल्ला देणारा माणूस मला चोरासारखा वाटतो. तो आपला वेळ घेऊन जातो आणि वर आपणच त्याला थँक्यू म्हणायचं. त्या ऑक्टोबरात माझ्याकडे चोरांची रांग लागली.

उजवीकडचे शेजारी आर्नी पोस्टमा. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, टपाल खात्यातून निवृत्त. कुंपणाला टेकून म्हणाले, "साडेतीनशेचं काडतूस घे पोरा. धक्का लागत नाही. माझी नात मारते त्यानं."

तेवढ्यात डावीकडून फ्लॉइड आला. फ्लॉइड ट्रॅक्टर दुरुस्त करतो, आणि ज्या संभाषणाला त्याला बोलावलेलं नसतं तिथे तो पाच मिनिटांत पोचतो. "साडेतीनशे?" तो म्हणाला. "साडेतीनशे लागलं तर हरीण थांबून विचारतं, काही म्हणालात का? वेंडेल, साडेचारशे घे. जिथे लागतं तिथे पडतं."

"आणि निम्मं मांस गोळीबरोबर जातं," आर्नी म्हणाले. "मार्लिसनं काय शिंगं उकडायची?"

"मांस गेलं तर निम्मं जातं. तुमच्या साडेतीनशेनं अख्खं हरीण शेजारच्या तालुक्यात जातं. स्वतःच्या पायानं."

"माझ्या नातीचं नाही गेलं."

"तुमच्या नातीला नेम धरता येतो, आर्नी. आपण वेंडेलबद्दल बोलतोय."

मी दोघांच्या मध्ये, हातात पानं गोळा करायचा दाताळा घेऊन उभा. माझ्याबद्दल माझ्याच अंगणात चाललेल्या चर्चेत मला शेवटपर्यंत जागा मिळाली नाही.

मग दवाखाना. दात साफ करणारी ट्रूडी, हातात आकडा. "काही दुखलं तर हात वर करा," ती म्हणाली आणि तिनं साडेचारशेच्या तोट्यांवर बोलायला सुरुवात केली. तिचा नवरा, दोन दीर, एक सासरा, सगळ्यांचे खांदे कसे निळे झाले होते ते सविस्तर. मी हात वर केला. "दुखलं?" मी मान हलवली. "मग बोलू नका," ती म्हणाली.

महिन्याभरात माझ्याकडे एकोणीस सल्ले जमले. त्यातले कुठलेही दोन एकत्र नांदत नव्हते. आणि त्या एकोणिसातल्या एकानंही, लक्षात ठेवा, लांबीबद्दल चकार शब्द काढला नाही. सगळे जाडीवर भांडत होते.

ऑक्टोबराच्या शेवटी लव्हॉनच्या भाचीचं लग्न होतं, पाच तास उत्तरेला, रेघेच्या बऱ्याच वर. लग्न आणि जेवण यांच्यामध्ये दोन तास मोकळे होते. मी कोटाला फूल लावलेलं तसाच शेजारच्या बंदुकीच्या दुकानात शिरलो. दुकानदार म्हातारा, दाढी पोटापर्यंत. त्यानं माझ्याकडे पाहिलं, फुलाकडे पाहिलं.

"हरीण?"

"हरीण."

"इथेच मारणार ना, आमच्याकडे?"

आता खरं उत्तर सोपं होतं. नाही बाबा, मी खालचा, मक्यातला, शाळेच्या बसांमधला. पण त्याच्या मागे भिंतीवर अस्वलाचं डोकं होतं आणि माझ्या कोटावर गुलाबी फूल होतं. "इथेच," मी म्हणालो. ज्याला आयुष्यात पुन्हा भेटणार नव्हतो अशा माणसासमोर माझी शान राहावी म्हणून मी खोटं बोललो. स्वतःच्या मूर्खपणाचा एवढा स्वच्छ पुरावा माझ्याकडे दुसरा नाही.

त्यानं माझ्या तळहातावर एक काडतूस ठेवलं. अंगठ्याएवढं जाड. "पंचेचाळीस-सत्तर. दीडशे वर्षं झाली निघून. यानं रानगवे पाडलेत."

"हरणाला पुरेल?"

"हरणाला पुरेल. हरणामागच्या झाडालाही पुरेल."

मी ते काडतूस उजेडात धरून नीट पाहिलं. जाड? जाड. सरळ? ओळंब्यासारखं सरळ. नियम पाळला, साडेतीनशे आणि साडेचारशे दोघांची तोंडं बंद केली, आणि वर इतिहास फुकट. रायफल, तिच्यावर बसवायची दुर्बीण आणि वीस काडतुसांचा डबा घेऊन मी जेवणाला पोचलो तेव्हा केक कापून झाला होता.

पुढच्या शनिवारी नेमबाजीच्या मैदानावर गेलो. दस्ता खांद्याला लावला, डोळा दुर्बिणीला जितका जवळ नेता येईल तितका नेला, आणि घोडा ओढला. रानगवे का पडले ते मला त्या क्षणी कळलं. ते बंदुकीच्या चुकीच्या बाजूला होते असं लोक समजतात. दोन्ही बाजू चुकीच्याच. दुर्बिणीची कड भुवईवर आपटली आणि डाव्या हातानं पुसतोय तोवर रक्त हनुवटीपर्यंत आलं. पाच टाके. सूज उतरली तेव्हा कपाळावर रेखीव चंद्रकोर उमटली होती.

"हरीण कुठं लपून मारत होतं?" लव्हॉननं विचारलं.

मी खुर्च्यांच्या कारखान्यात काम करतो. ऑफिसच्या खुर्च्या. तयार झालेली प्रत्येक खुर्ची माझ्या विभागातून जाते आणि पाय, दांडा, पाठ यांचं माप व्हर्निअरनं घेतलं जातं. हजारांश इंचांचा हिशेब. खुर्ची चुकली की मी लाल चिठ्ठी लावतो आणि परत पाठवतो. बावीस वर्षांत एकाही चुकलेल्या खुर्चीला मी दया दाखवलेली नाही. खाली जुळणीच्या खात्यात लोक मला काय म्हणतात ते मला माहीत आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे.

चंद्रकोर दाखवायची तर काडतूसही दाखवावं म्हणून, न्यायला नको होतं तरी, मी एक कामावर घेऊन गेलो. माझ्या हाताखाली इनेझ आहे, चार वर्षांची नोकरी, कमी बोलणारी. मी टेबलावर पंचेचाळीस-सत्तर उभं केलं आणि रानगव्यांपासून सुरुवात केली. मी बोलत असताना तिनं सवयीनं व्हर्निअर उचलला आणि पुंगळीला लावला. आमच्या खात्यात टेबलावर काही ठेवलं की त्याचं माप होतंच.

"दोन पूर्णांक एकशे पाच हजारांश," ती म्हणाली.

"बरं."

"साहेब, हे खाली चालत नाही."

"सरळ आहे ते, इनेझ."

"सरळ आहे. लांब आहे. एक पूर्णांक ऐंशीच्या वर नको. माझे तिन्ही भाऊ शिकार करतात."

मी जेवणाच्या सुट्टीत नियमांचं पुस्तक उघडलं. होतंच. पुंगळीची लांबी अमुकपेक्षा कमी नको आणि एक पूर्णांक ऐंशी इंचांपेक्षा जास्त नको. बारीक अक्षरात, पण होतं. मी सरकारी कार्यालयात फोन लावला. यंत्रानं मला मासे, होड्या, जळाऊ लाकूड आणि अस्वलं यांतून फिरवलं, आणि चाळीस मिनिटांनी एक शांत बाई आली.

मी तिला बजावलं की मी करदाता आहे. पाऊण इंचसुद्धा नाही, जेमतेम तीन दशांश इंचाची बाब आहे. हरणाला त्या तीन दशांशाचं काही सोयरसुतक नाही. दीडशे वर्षांचं काडतूस आणि कालचा नियम, यात लाज कुणाला वाटायला हवी.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "साहेब, आपण काम काय करता?"

"खुर्च्या तपासतो."

"आणि पाय तीन दशांश इंच लांब निघाला तर?"

 तिच्या मागे कुणाच्या तरी टायपिंगचा आवाज येत होता.

"परत पाठवतो," मी म्हणालो.

"आभारी आहे," ती म्हणाली. कुत्सितपणा नव्हता. त्या बाईचं नाव मला माहीत नाही, पण एवढ्या सभ्यपणे माझ्या तोंडात कुणी मारलेली नाही, आणि मी अजूनही तिचा आदर करतो.

हंगाम पंधरा नोव्हेंबरला उघडतो. पाच दिवस उरले होते. एकदा झाडलेली रायफल दुकान परत घेत नाही. बारा बोअर मी मेव्हण्याला देऊन बसलो होतो. तळघरातल्या त्या पस्तीस माणसांचे चेहरे डोळ्यांपुढून हलेनात, आणि त्याहून जास्त ती कपात पडलेली साखर.

शेवटी मी फ्लॉइडकडे गेलो. फ्लॉइडकडे मदत मागायला काय लागतं ते ज्यानं मागितलीय त्यालाच कळेल. फ्लॉइड तळघरात स्वतःची काडतुसं स्वतः भरतो. त्यानं पंचेचाळीस-सत्तर बोटांत फिरवलं.

"एवढंच? मग कापू की."

"काय कापू?"

"पुंगळी. पंचवीस वर्षं रिकाम्या पुंगळ्या कापून सारख्या करतोय मी. लांब आहे तर आखूड करू. दारू कमी भरू, तुझी दुसरी भुवई वाचेल. आणि ती दुर्बीण काढ, चष्मा लावल्यासारखा चिकटतोस तिला."

दोन संध्याकाळी खपून त्यानं वीस नवी काडतुसं तयार केली आणि पुठ्ठ्याच्या डब्यात घालून दिली. मी खिशातून व्हर्निअर काढला.

"हे काय?" फ्लॉइड म्हणाला.

"बघतो नुसतं."

एक पूर्णांक आठशे दोन. बाजूला. आठशे चार. बाजूला. आठशे एक.

"वेंडेल, आठशे एक म्हणजे एक हजारांश जास्त. केसाचा तुकडा."

"जास्त ते जास्त."

"अरे, मी तुझ्यासाठी दोन दिवस या भोकात बसलोय."

"त्याबद्दल उपकार आहेत तुझे," मी म्हणालो आणि पुढचं घेतलं. आठशे तीन.

सतरा बाद झाली. तीन पास: एक सातशे अठ्ठ्याण्णव, दोन सातशे नव्याण्णव. फ्लॉइडनं बाद झालेल्या सतरांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि जिना चढून वर निघून गेला. पण ती तीन त्यानं माझ्याकडून हिसकावून घेतली नाहीत. मी त्याच्या जागी असतो तर घेतली असती.

तीन काडतुसं, पंधरा दिवस.

हार्लनच्या शेतामागे ओढ्याकाठी त्याचं स्वतःचं मचाण आहे, खांबांवरची लाकडी पेटी. पहिल्या दिवशी पहाटे मार्लिसनं हॅम घातलेले पाव आणि कॉफीचा थर्मास हातात दिला आणि मी नारिंगी जाकीट घालून वर जाऊन बसलो. साडेसातला एक मोठा नर बाहेर आला. मी श्वास रोखला, घोडा ओढला. घंटा वाजावी तसा आवाज झाला. नर पळाला. फोन थरथरला. हार्लन, खाटेवरून.

"पडलं का?"

"नाही."

"मग ते वाजलं काय?"

"तुझं गवत गोळा करायचं यंत्र."

"झाडाखालचं?" तो म्हणाला. "आजोबांनी ठेवलं तेव्हापासून ते तिथून हललेलं नाही. तरीपण लागलं म्हणजे बरंच झालं."

संध्याकाळी फ्लॉइडनं माझ्या सदऱ्याचं पाचवं शेपूट कापलं. कात्री नेहमीपेक्षा जरा वर लावली. सतरा काडतुसांचा राग होता तो.

दुसरं काडतूस दुसऱ्या शनिवारी गेलं. बोचरी थंडी, हातात जाड मोजे. खिशातून काढताना सुटलं, फळ्यांच्या फटीतून खाली गेलं आणि ओढ्याच्या काठच्या चिखलात बुडालं. मी खाली उतरून गुडघ्यांवर बसून अर्धा तास चिखल चाचपला. मान वर केली तर पलीकडच्या काठावर दोन माद्या आणि एक पिल्लू उभं राहून पाहत होतं. कुणी किल्ली शोधत असेल तर शेजारी जसे पाहतात तसं.

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. एक काडतूस उरलं होतं. मी रात्री छताकडे पाहत पडायचो आणि तीन पोरांची नावं मनात म्हणायचो. लव्हॉन दोनदा काहीतरी बोलायला आली आणि दोनदा परत गेली.

एकोणतीस नोव्हेंबर. हंगामाचा शेवटचा शनिवार, घोटाभर बर्फ. दहाच्या सुमाराला बर्फातून कुणीतरी चालत आलं: वन्यजीव खात्याची अधिकारी, हिरवा पोशाख, कमरेला पट्टा.

"नमस्कार. बंदूक रिकामी करून खाली या, साहेब. परवाना?"

परवाना ठीक होता, नर-मादी कुठलंही एक चालेल असा. मग तिनं काडतूस मागितलं. हातात घेतल्यावर तिच्या कपाळावर आठी पडली. "पंचेचाळीस-सत्तर? इथे?"

"मापा," मी म्हणालो. अकरा वर्षांच्या शिकारीत मी पहिल्यांदाच एवढ्या ताठ मानेनं बोललो.

तिनं पट्ट्यातून लहानसा व्हर्निअर काढला. लावला. पुन्हा लावला. "एक पूर्णांक सातशे नव्याण्णव," ती म्हणाली. "तोंड पण काटकोनात आहे. सात वर्षं मी हे काम करते. लोक करवतीनं कापून आणतात. इतकं नीट कापलेलं कधी पाहिलं नव्हतं. कुणी तपासलं हे?"

 बावीस वर्षं मी मापं घेतोय, आणि माझं माप बरोबर आहे असं मला कुणीतरी पहिल्यांदाच सांगत होतं.

मी तोंड उघडणार एवढ्यात तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली आणि तिचा आवाज एकदम खाली आला. "साहेब, हलू नका."

चाळीस पावलांवर एक दांडगी मादी ओढा उतरत होती. थांबली. आडवी, पूर्ण. मी सावकाश वळून गुडघा टेकला, रायफल उचलली आणि मग मला समजलं की माझं शेवटचं काडतूस सरकारच्या हातात आहे, व्हर्निअरच्या जबड्यात.

"बाई," मी कुजबुजलो.

तिनं अगदी सावकाश जबडा उघडला आणि ते माझ्या तळहातावर ठेवलं, नर्सनं गोळी द्यावी तसं. मी मोजे काढले. आत घातलं. माझे हात का कापत नव्हते ते मला आजही सांगता येत नाही. बहुतेक त्या काडतुसावर माझा पुरता भरवसा होता. माणसांवर नसतो मला, पण ते मी स्वतः तपासलेलं होतं.

मी घोडा ओढला. मादी दोन पावलं चालली आणि बर्फात बसल्यासारखी खाली गेली.

"आता परवान्याची चिठ्ठी बांधा तिला," अधिकारी बाई म्हणाली, आणि तिनंच माझ्याबरोबर ती ओढत शेताच्या कडेपर्यंत आणली.

पुढचं काम सुरीचं. ते डेकरांच्या गॅरेजमध्ये झालं. फ्लॉइड आला, आर्नी आले, लव्हॉन कागद गुंडाळायला आली. हार्लनला आता चाकांच्या खुर्चीत बसायची परवानगी होती. तो दारात बसून कुठे कापायचं ते सांगत होता आणि फ्लॉइड ते ऐकत नव्हता. दुपारी चारपर्यंत टेबलावर पांढऱ्या कागदातली चव्वेचाळीस पुडकी रचली गेली. प्रत्येकावर मी स्वतः नाव आणि तारीख लिहिली.

"चला, फ्रीझरमध्ये टाकू," मी म्हणालो.

गॅरेज एकदम शांत झालं. ही शांतता मी ओळखतो. मार्लिसनं फ्रीझरवरचा धुतलेल्या कपड्यांचा ढीग उचलला, फार हळू, आणि त्या लांबलचक पेटीचं झाकण उघडलं.

गार हवा बाहेर आली. आत बोट घालायला जागा नव्हती. पांढरी पुडकी, काठोकाठ. आर्नी पोस्टमा, सोळा नोव्हेंबर, मांडी. फ्लॉइड, पंधरा नोव्हेंबर. फ्लॉइड. फ्लॉइड. ट्रूडी, सॉसेज, मसालेदार. इनेझ आणि भाऊ. आणि कोपऱ्यात, ओळखीच्या अक्षरात: लव्हॉन बाउमा, सतरा नोव्हेंबर, खांदा.

मी बायकोकडे पाहिलं. ती गॅरेजच्या दिव्याकडे पाहत होती.

"माझ्या भावाकडून आणलं," ती म्हणाली. "विश्वास होता रे तुझ्यावर. पोरांची जेवणं विश्वासावर ठेवायची नव्हती."

"म्हणजे पंधरवडाभर मी बर्फात बसलो, छताकडे बघत जागलो, आणि तुम्ही सगळ्यांनी..." मी फ्लॉइडकडे वळलो. "आणि तू मला पुंगळ्या कापून देत होतास."

"मागितल्यास म्हणून दिल्या," फ्लॉइड म्हणाला.

"मला कुणी सांगितलं का नाही?"

उत्तर हार्लननं दिलं. "मी नको म्हणालो. ऑगस्टपासून मी छत बघतोय, वेंडेल. छताला एकवीस फळ्या आहेत. मग हंगाम उघडला आणि खिडकीतून मचाण दिसायला लागलं. दुर्बिणीतून. यंत्र वाजलं ते ऐकलं मी, तू चिखलात बसलास ते पाहिलं, मागे तीन हरणं उभी होती तीही पाहिली. पोरं शाळेतून आली की पहिलं विचारायची, आज काय केलं वेंडेलकाकानं? तुला सांगितलं असतं तर तू घरी बसला असतास. मग मी काय केलं असतं? फळ्या मोजल्या असत्या?"

मला भयंकर राग आला होता, आणि तो बरोबरच होता. गावात एका माणसानंही माझ्यावर क्षणभर भरवसा ठेवला नव्हता, माझ्या बायकोसकट. मी त्या पुडक्यांकडे पाहत उभा राहिलो. मी नेम चुकवत होतो त्या प्रत्येक दिवशी कुणीतरी गुपचूप येऊन यात काहीतरी ठेवून गेलं होतं. ती तीन पोरं एकदाही माझ्या काडतुसांवर टांगलेली नव्हती. त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला नाही यासाठी मी त्या सगळ्यांचा जन्मभर ऋणी राहीन, आणि हे त्यांना तोंडावर कधी सांगणार नाही.

"माझं कुठे ठेवायचं मग?" मी विचारलं. आवाज मला हवा होता तितका कडक निघाला नाही.

"वर," हार्लन म्हणाला. "सगळ्यात वर. आधी तेच खायचंय."

मार्लिसनं पाठीच्या मऊ मांसाचं एक पुडकं बाजूला काढून लोण्यात परतायला आत नेलं. बाकीची त्रेचाळीस आम्ही फटींमध्ये, कोपऱ्यांमध्ये, कडांवर कोंबली. झाकण लावलं तर वीतभर उघडंच राहिलं. फ्लॉइडनं दाबलं, आर्नींनी दाबलं. हात काढला की पुन्हा वर.

"बाजूला व्हा," मी म्हणालो, आणि वर चढून बसलो. खट आवाज होऊन झाकण लागलं.

"वेंडेल, उठू नकोस," मार्लिस स्वयंपाकघरातून म्हणाली. "गोठेपर्यंत तासभर तरी बस. ताट तिथेच देते."

हार्लन हसायला लागला आणि मग कमरेतल्या पट्ट्या धरून म्हणाला, "नको रे, दुखतंय, कुणीतरी याला गप्प करा," आणि तरी हसतच राहिला. मी एक शब्दही बोललो नव्हतो. कांदा आणि लोण्याचा वास आला. मार्लिसनं ताट माझ्या मांडीवर ठेवलं, मोठ्या पोरीनं चमचा दिला, लव्हॉननं माझ्या पाठीवर कुणाचं तरी जाकीट टाकलं. खालून गारवा हाडांत चढत होता. मांस गरम होतं. मी सगळं संपवलं आणि आणखी मागितलं.